डब्लिनचे चौघे : यू-टू वाद्यसंघाचा इतिहास

गाणाऱ्यांचे व वाजविणाऱ्यांचे संघ जगांत पुष्कळ निघतात. पण त्यांतील फार थोडे टिकतात. ज्या धर्मग्रामांत गायनमंडळ आहे, तेथील वाचकांस हें सांगावयास नको. आरंभीं सर्वांस सारखाच उत्साह असतो. पुढें एखाद्याचा गळा नांवाजला जातो, दुसऱ्याच्या मनांत तें सलूं लागतें, पैशाचा प्रश्न निघतो, आणि जें सुरांनीं जोडलें तें हिशेबानें तुटतें. पाश्चात्य देशांत 'रॉक' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा इतिहास तर अशा फाटाफुटींनीं भरलेला आहे. विजेच्या योगानें आवाज वाढविलेली गिटार, तिच्या जोडीस खोल सुरांची बेस गिटार, ड्रम आणि मोकळ्या गळ्यानें गाणारा गायक, एवढ्या सामग्रीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाढलेल्या या संगीतानें कित्येक तरुणांस थोड्याच काळांत धनवान केलें व तितक्याच त्वरेनें एकमेकांचे वैरी बनविलें. जगद्विख्यात 'बीटल्स' मंडळीसुद्धां १९७० सालीं विभक्त झाली.

अशा या क्षेत्रांत आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील 'यू-टू' हा संघ अपवाद म्हणून उभा आहे. १९७८ सालीं जे चौघे त्यांत होते, त्यांनींच पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ तो चालविला. कोणी सोडून गेला नाहीं, कोणास काढलें नाहीं. या संघाच्या ध्वनिमुद्रिका व त्याचे प्रवास यांची हकीकत येथें थोडक्यांत दिली आहे. पण ती वाचतांना वाचकांनीं एक प्रश्न मनांत बाळगावा. हे चौघे फुटले कसे नाहींत? फुटण्याचे प्रसंग आले नाहींत असें मुळींच नव्हे. ते आले, आणि एकदां तर प्रत्यक्ष धर्मश्रद्धेच्याच वाटेनें आले.

१९७६ सालीं डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेंतील सूचनाफलकावर एक चिठ्ठी लागली. वाद्यसंघ काढावयाचा असून वाजविणारे पाहिजेत, असा तिचा आशय होता. ती लावणारा लॅरी मलन हा अवघा चौदा वर्षांचा मुलगा असून त्यास ड्रम वाजविण्याचा नाद होता. २५ सप्टेंबर रोजीं त्याच्या घरच्या स्वयंपाकघरांत कांहीं मुलें जमलीं. त्यांत पॉल ह्यूसन, डेव्हिड इव्हान्स व त्याचा वडील भाऊ डिक, आणि ॲडम क्लेटन हे होते. ह्यूसन यास मित्र 'बोनो' म्हणत. डब्लिनमधील श्रवणयंत्राच्या एका दुकानाच्या नांवावरून तें टोपणनांव आलें होतें. डेव्हिडला पुढें 'एज' म्हणूं लागले, आणि हींच नांवें जगाच्या तोंडीं बसलीं.

ज्या शाळेंत हे मुलगे भेटले, ती कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही घरच्या मुलांस एकत्र शिकविणारी होती. त्या काळच्या आयर्लंडांत ही गोष्ट सर्रास आढळणारी नव्हती. बोनोचे वडील कॅथॉलिक व आई प्रॉटेस्टंट. मलन कॅथॉलिक घरचा. एजचे आईबाप वेल्सचे. आणि ॲडमचा जन्म इंग्लंडांतला. दुःखही त्यांच्यांतील दोघांनीं लवकर पाहिलें. १९७४ सालीं बोनोचे आजोबा वारले; त्यांच्या अंत्यविधीच्या वेळींच त्याची आई कोसळली व थोड्याच दिवसांत निवर्तली. बोनो त्या वेळीं चौदा वर्षांचा होता. मलनची आईही अपघातांत गेली. मातृहीन झालेल्या या दोघांचा परस्परांशीं जडलेला स्नेह हा या संघाच्या पायांतील एक दगड होय.

संघाचें नांव आधीं 'फीडबॅक', मग 'हाइप' आणि १९७८ सालीं 'यू-टू' असें ठरलें. त्याच वर्षीं १७ मार्च रोजीं, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशीं, लिमरिक शहरांतील स्पर्धेत त्यांस पांचशें पौंडांचें पहिलें बक्षीस मिळालें. त्याच सुमारास डिक इव्हान्स बाहेर पडला आणि चौघे उरले. पॉल मॅकगिनेस हे व्यवस्थापक म्हणून लाभले. त्यांनीं पुढें २०१३ पर्यंत संघाचा कारभार पाहिला. १९७९ सालीं 'थ्री' ही तीन गाण्यांची तबकडी निघाली, पण ती आयर्लंडपुरतीच. लंडनच्या कंपन्यांनीं प्रथम दाद दिली नाहीं. अखेर मार्च १९८० मध्यें आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीशीं करार झाला, आणि ऑक्टोबरांत स्टीव्ह लिलिव्हाइट यांच्या देखरेखीखालीं डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओंत ध्वनिमुद्रित झालेला 'बॉय' हा पहिला गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याचें पहिलेंच गाणें बोनोच्या गेलेल्या आईविषयीं आहे.

या मुलांस दुसऱ्यांचीं गाणीं नीट वाजवितां येत नसत. म्हणून त्यांनीं स्वतःचीं रचावयास घेतलीं. उणीव अशी उपयोगी पडली. एजनें आपल्या गिटारीस प्रतिध्वनि देणारें एक लहानसें यंत्र जोडलें होतें. तार छेडली कीं तोच सूर क्षणाच्या अंशानंतर पुन्हां उमटे, आणि एज त्या दोहोंमधल्या रिकाम्या जागेंत पुढचा सूर बसवी. त्यामुळें थोडक्याच सुरांतून मोठ्या मंदिरांत घुमल्यासारखा विस्तीर्ण नाद निघे. इतर गिटारवादक बोटांची चपळाई दाखवीत असतां हा कमींत कमी सूर वाजवी, आणि ऐकणारा त्यास दोन सुरांतच ओळखी.

येथें संघाच्या अंतर्गत व्यवस्थेविषयीं सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व इतिहासाची किल्ली तिच्यांत आहे. ध्वनिमुद्रिका खपली म्हणजे वादकांस पैसा मिळतो तो दोन वाटांनीं : एक वादनाबद्दल, आणि दुसरा गीत व चाल रचल्याबद्दल. ही दुसरी वाट पुष्कळ काळ वाहती राहते. ज्या संघांत एकदोघेच रचनाकार म्हणून नोंदले जातात, तेथें ते श्रीमंत होतात आणि ड्रम वाजविणारा तसाच राहतो. बहुतेक संघ याच खडकावर आपटून फुटले. यू-टू मंडळींनीं रचनेचें उत्पन्न चौघांत समसमान वांटण्याचा नियम केला. शब्द बहुधा बोनोचे असतात व चालीचा मोठा भाग एजचा असतो. तरीही तबकडीवर संगीताचे कर्ते म्हणून सबंध संघाचें नांव छापलें जातें. हा निव्वळ औदार्याचा नियम नव्हता. तो व्यवहारांतला शहाणपणा होता. ज्यास पूर्ण वांटा मिळतो, तो पूर्ण जबाबदारीही घेतो आणि पटलें नाहीं तर तोंडावर सांगतो.

पहिलें मोठें संकट १९८१ सालीं आलें. बोनो, एज व मलन हे तिघे डब्लिनमधील 'शालोम' नांवाच्या एका प्रार्थनामंडळांत जात असत. पवित्र शास्त्राचें वाचन व प्रार्थना यांत त्यांचें मन रमलें होतें. ॲडम मात्र त्यांत नव्हता, आणि तो आपोआप एकटा पडला. त्या मंडळांतील कांहीं जणांस रॉक संगीताचा धंदा व ख्रिस्ती जीवन यांचा मेळ बसणें अशक्य वाटे. एजच्या मनास हा प्रश्न इतका लागला कीं त्यानें संघ सोडण्याचा विचार केला, व बोनोही त्याच्या बाजूचा झाला. ते व्यवस्थापकांकडे गेले तेव्हां मॅकगिनेस यांनीं त्यांच्या श्रद्धेशीं वाद घातला नाहीं. पुढील प्रवासाचे करार झाले आहेत, इतर माणसें त्यांवर विसंबून आहेत, आणि दिलेला शब्द मोडणें हें देवास आवडेल काय, एवढाच प्रश्न त्यांनीं विचारला. तरुणांनीं प्रवास पुरा केला. त्याच वर्षीं निघालेल्या 'ऑक्टोबर' या संग्रहांत ही सारी घालमेल दिसते. त्यांतील 'ग्लोरिया' या गाण्याचें ध्रुपद लॅटिन भाषेंत आहे. त्या गाण्यांसाठीं लिहिलेल्या शब्दांची पिशवी अमेरिकेंत पोर्टलंड येथें हरवली होती, म्हणून बोनोनें कित्येक ओळी ऐन मुद्रणाच्या वेळीं रचल्या.

या पेंचांतून ते सुटले ते श्रद्धा सोडून नव्हे, तर ती गाण्यांत आणून. पुढच्या वर्षीं बोनोचें लग्न झालें, तेव्हां त्यानें पाठराखा म्हणून ॲडमला उभें केलें. एकट्या पडलेल्या मित्रास अशा रीतीनें पुन्हां जवळ घेण्यांत आलें. लग्नानंतर बोनो परगांवीं गेला असतां एजनें एका नव्या गाण्याचा आराखडा केला. ३० जानेवारी १९७२ रोजीं उत्तर आयर्लंडांतील डेरी शहरांत नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनीं गोळीबार केला होता. तेरा माणसें त्याच दिवशीं मेलीं व एक मागाहून दगावलें. त्या 'रक्तरंजित रविवारा'वरचें हें गाणें १९८३ च्या 'वॉर' या संग्रहांत आरंभीं आलें. तें सूड मागत नाहीं. हें बंडाचें गीत नव्हे असें बोनो रंगमंचावरून सांगे आणि हातांत पांढरें निशाण घेई. त्याच संग्रहाचें अखेरचें गाणें चाळिसाव्या स्तोत्रावर आधारलेलें आहे. स्टुडिओची मुदत संपत आली असतां तें घाईनें रचलें; ॲडम तेथून गेला होता, म्हणून बेस गिटार एजनेंच वाजविली. पुढें कित्येक वर्षें कार्यक्रमाचा शेवट याच गाण्यानें होई. वादक एकामागून एक निघून जात, सर्वांच्या शेवटीं मलन ड्रम थांबवी, आणि श्रोते तें ध्रुपद गातच बाहेर पडत.

१९८४ सालीं संघानें आपली यशस्वी पद्धति मुद्दाम बदलली. ब्रायन ईनो व डॅनियल लान्वा यांस त्यांनीं निर्माते म्हणून बोलाविलें आणि स्लेन येथील किल्ल्यांत मुक्काम ठोकून 'दि अनफर्गेटेबल फायर' हा संग्रह केला. त्यांतील 'प्राइड' हें गाणें डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हौतात्म्यावर आहे. किंग यांस ४ एप्रिल १९६८ च्या सायंकाळीं गोळी लागली. गाण्यांत चुकून पहांट म्हटली गेली, आणि बोनोनें पुढें गातांना ती सुधारली. १३ जुलै १९८५ रोजीं इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीं लंडनच्या वेंब्ले मैदानावर 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम झाला. तेथें बोनो गातां गातां खालीं उतरून श्रोत्यांत गेला. एकच गाणें बारा मिनिटें चाललें व ठरलेलें तिसरें राहून गेलें. सर्व बिघडलें असें सोबत्यांस वाटलें; पण दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या लोकांस नेमका तोच प्रसंग लक्षांत राहिला. पुढें बोनो व त्याची पत्नी यांनीं इथिओपियांतील छावणींत कांहीं आठवडे राहून काम केलें.

९ मार्च १९८७ रोजीं 'दि जोशुआ ट्री' प्रसिद्ध झाला आणि यू-टूची गणना जगांतील अग्रगण्य संघांत झाली. त्याच्या सुमारें अडीच कोटी प्रति खपल्या, व वर्षांतील सर्वोत्तम संग्रहाचें ग्रॅमी पारितोषिक त्यास मिळालें. त्यांतील पहिल्या गाण्यावर इतका काळ खर्च झाला कीं कंटाळलेल्या ईनोनें त्याची फीत पुसून टाकण्याचें मनांत आणलें होतें. एका तंत्रज्ञानें त्यास वेळींच अडविलें. याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं उत्तर आयर्लंडांतील एनिस्किलन येथें युद्धांतील मृतांच्या स्मरणासाठीं जमलेल्या लोकांत आय. आर. ए. या सशस्त्र संघटनेचा बाँब फुटून अकरा जण ठार झाले. त्या दिवशीं संघ अमेरिकेंत डेन्व्हर येथें होता. बोनोनें गाणें मध्येंच थांबवून, दूर बसून या हिंसेचें कौतुक करणाऱ्या आयरिश-अमेरिकनांचा कडक शब्दांत निषेध केला. आपल्याच लोकांविरुद्ध बोलण्याचा हा प्रसंग होता व त्यांत जिवास धोकाही होता. तो प्रसंग चित्रपटांत जसाचा तसा राहिला आहे.

कीर्ति शिखरास पोंचली म्हणजे उताराची सुरुवात होते. १९८८ चा 'रॅटल अँड हम' हा संग्रह व चित्रपट टीकाकारांस आत्मप्रौढीचा वाटला. १९८९ च्या अखेरीस डब्लिनच्या कार्यक्रमांत बोनोनें सांगून टाकलें कीं आतां दूर जाऊन सर्व नव्यानें कल्पावें लागेल. ३ ऑक्टोबर १९९० रोजीं, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाच्या दिवशींच, ते बर्लिनला उतरले. देश जोडला जात होता, पण त्या शहरांतील हान्सा स्टुडिओंत हे चौघे मात्र तुटावयास आले होते. बोनो व एज यांस नवीन यांत्रिक नादांचा ध्यास होता; मलन व ॲडम यांस आपली गरजच उरली नाहीं असें वाटूं लागलें. आठवडेच्या आठवडे कांहीं निष्पन्न होईना. एके दिवशीं दुसऱ्याच गाण्यासाठीं वाजवितांना एजनें दोन स्वरमालिका एकापाठोपाठ वाजविल्या, आणि त्यांतून थोड्याच वेळांत 'वन' हें गाणें उभें राहिलें. भिन्न असूनही एकमेकांचें ओझें वाहिलें पाहिजे, असा त्याचा भाव आहे. त्याच्या तबकडीचें उत्पन्न त्यांनीं एड्स रोगावरील कार्यास दिलें. नोव्हेंबर १९९१ मध्यें निघालेला 'आख्टुंग बेबी' हा संग्रह पुष्कळांच्या मतें त्यांचा सर्वोत्तम होय.

यानंतरच्या 'झू टीव्ही' प्रवासांत रंगमंचावर दूरचित्रवाणीचे असंख्य पडदे असत. १९९३ सालीं त्यांवरून वेढा पडलेल्या सारायेव्हो शहरांतील नागरिकांशीं संवाद होऊं लागला. करमणुकींत दुसऱ्याचें मरण दाखवावें काय, अशी टीका झाली आणि ती अगदींच निराधार नव्हती. संघानें तो प्रकार थांबविला. युद्ध संपल्यावर, २३ सप्टेंबर १९९७ रोजीं, त्यांनीं सारायेव्होस जाऊन गायन केलें. सुमारें पंचेचाळीस हजार लोक जमले. त्या रात्रीं बोनोचा गळा बसला होता. तेव्हां श्रोत्यांनीं गाणीं उचललीं, आणि 'रक्तरंजित रविवारा'चें गीत एजनें एकट्यानें गाइलें.

असाच प्रसंग ॲडमवर आला होता. २६ नोव्हेंबर १९९३ रोजीं सिडनी येथें मद्यपानामुळें तो उभाच राहूं शकला नाहीं, आणि त्याच्या वाद्यांची देखभाल करणाऱ्या माणसानें त्याची जागा घेतली. दुसऱ्या कोणत्याही संघांत याचा शेवट हकालपट्टींत झाला असता. येथें तिघांनीं त्यास धरून ठेविलें. कांहीं वर्षांत त्यानें मद्य सोडलें व पुढें त्याविषयीं तो उघडपणें बोलला. १९९७ चा 'पॉप' हा संग्रह प्रवासाच्या तारखा आधींच ठरल्यामुळें अर्धवट अवस्थेंत बाहेर पडला, असें स्वतः वादकांनींच म्हटलें आहे.

१० एप्रिल १९९८ रोजीं, उत्तम शुक्रवारीं, उत्तर आयर्लंडचा शांतिकरार झाला. त्यावरील जनमताच्या तीन दिवस आधीं बेलफास्टच्या सभेंत बोनोनें राष्ट्रीय पक्षाचे जॉन ह्यूम व युनियनिस्ट पक्षाचे डेव्हिड ट्रिंबल या दोघांचे हात धरून उंच केले. उत्तर आयर्लंडच्या शेंकडा एकाहत्तर मतदारांनीं कराराच्या बाजूनें कौल दिला. याचें श्रेय एका छायाचित्रास देणें वेडेपणाचें होईल. पण पंधरा वर्षें जें गाण्यांत मागितलें, त्याच्या शेजारीं उभें राहण्याचें भाग्य त्यांस लाभलें.

ज्युबिलीच्या या अंकांत पुढील गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकांत पन्नासावें वर्ष योबेल म्हणून पाळण्याची आज्ञा आहे : त्या वर्षीं दासांस मोकळें करावें आणि विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत जावी. या कल्पनेवरून 'ज्युबिली २०००' ही चळवळ निघाली व गरीब राष्ट्रांचीं फिटणें अशक्य असलेलीं कर्जें माफ करावीं असें तिनें मागितलें. बोनो तिचा प्रचारक झाला. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं कास्तेल गांदोल्फो येथें तो इतर कार्यकर्त्यांसह पोप दुसरे जॉन पॉल यांस भेटला; त्या वेळीं वृद्ध व आजारी पोपमहोदयांनीं त्याचा निळा चष्मा कौतुकानें आपल्या डोळ्यांवर चढविला होता. मात्र न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००६ सालीं आयर्लंडनें कलावंतांच्या करमाफीस मर्यादा घातली, तेव्हां संघानें आपल्या गीतांचा व्यवहार नेदरलंड्समध्यें हलविला. गरिबांसाठीं सरकारी पैसा मागणाऱ्यांनीं आपला कर वांचवावा काय, हा लोकांचा प्रश्न रास्त होता; बोनोनें दिलेल्या समर्थनानें सर्वांचें समाधान झालें नाहीं.

२००० सालच्या 'ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड' या संग्रहानें संघास पुन्हां जनतेच्या हृदयांत स्थान दिलें. एकाच संग्रहांतील दोन गाण्यांस लागोपाठ दोन वर्षें सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचें ग्रॅमी मिळालें. ऑगस्ट २००१ मध्यें बोनोचे वडील वारले. त्यांस इटालियन संगीतनाट्याचा नाद असून त्यांचा स्वतःचा गळाही चांगला होता. त्यानंतर चारच दिवसांनीं स्लेनच्या किल्ल्यासमोर बोनो गाइला. २००४ च्या संग्रहासही सर्वोत्तम संग्रहाचा मान मिळाला, आणि ग्रॅमी पारितोषिकांची संख्या २२ झाली. २००९ ते २०११ या प्रवासांत ११० कार्यक्रमांस बहात्तर लाखांहून अधिक लोक आले. उलट, २०१४ सालीं 'साँग्स ऑफ इनोसन्स' हा संग्रह ॲपल कंपनीच्या द्वारें सुमारें पन्नास कोटी ग्राहकांच्या संग्रहीं न मागतां घालण्यांत आला, तेव्हां लोक संतापले व बोनोनें दिलगिरी व्यक्त केली. न मागितलेली भेट ओझें होते, हें त्यांस उतारवयांत कळलें.

१५ डिसेंबर २०१९ रोजीं हा संघ प्रथमच भारतांत गाइला. नवी मुंबईंतील डी. वाय. पाटील मैदानावर 'दि जोशुआ ट्री'च्या प्रवासाची सांगता झाली. त्याआधीं ए. आर. रहमान यांच्यासह केलेलें 'अहिंसा' हें गाणें प्रसिद्ध झालें होतें. डॉक्टर किंग यांस अहिंसेचा मार्ग गांधीजींच्या शिकवणुकींतून उमगला होता. त्यांच्यावर गीत रचणारा संघ पस्तीस वर्षांनीं गांधीजींच्या देशांत तोच शब्द गाऊन गेला. सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ मध्यें लास व्हेगास येथील 'स्फिअर' या गोल प्रेक्षागृहांत चाळीस कार्यक्रम झाले. शस्त्रक्रियेमुळें मलन तेथें नव्हता. डच वादक ब्रॅम फान डेन बर्ग यानें ड्रम वाजविले. ज्याच्या चिठ्ठीनें संघ जन्मला त्याचीच जागा दुसऱ्यानें सांभाळली. पण ती जागा त्याचीच आहे असें त्याचे सोबती सांगत राहिले.

असो. आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. हे चौघे संत नव्हते; त्यांच्यांत मतभेद, गर्व व दुर्बलता हीं इतरांइतकींच होतीं. पण त्यांनीं आपसांत देण्याघेण्याची थकबाकी सांचूं दिली नाहीं. पैसा प्रत्येक वेळीं समान वांटला गेल्यामुळें कोणी कोणाचा धनी झाला नाहीं व कोणी ऋणको राहिला नाहीं. योबेलाचें वर्ष पन्नास वर्षांनीं एकदां येतें. या चौघांनीं तें प्रत्येक नव्या तबकडीच्या वेळीं पाळलें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. जेथें जेथें चार माणसें एका कामासाठीं एकत्र बसतात, तेथें या गोष्टीचा विचार व्हावा, एवढीच इच्छा आहे.